‘सब’ म्हणजे खाली. पण कशाच्या खाली?

दहावीचा निकाल लागला म्हणजे मराठवाड्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांतून दरवर्षी एक लहानसे स्थलांतर सुरू होते. मुखेड, कंधार, देगलूर, जळकोट, देवणी, अहमदपूर अशा ठिकाणांहून मुले-मुली वळकट्या आणि पुस्तके घेऊन लातूर व नांदेड या दोन शहरांकडे निघतात. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालेले असते. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या साऱ्यांची भाषा एका रात्रीत इंग्रजी होते. ही दरी बुजविण्यासाठी शिकवणीवर्गांनी जे अनेक तोडगे शोधून काढले आहेत, त्यांत उपसर्गांचा तक्ता हा एक होय. भिंतीवर टांगलेला असो वा वहीत उतरवून घेतलेला असो, त्यातील एक भाग साधारणपणे असा असतो: ‘सब’ म्हणजे खाली, ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘इन्फ्रा’ म्हणजे खाली, आणि ‘अंडर’ म्हणजेही खालीच. उपसर्ग चार, अर्थ एक. पाठ करा आणि पुढे चला.

या तक्त्याची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जो अभ्यासक्रम महाराष्ट्रभर गाजला, त्याने खेड्यातील मुलाला शिस्त, सराव आणि आत्मविश्वास दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु भाषेच्या बाबतीत या पद्धतीने एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. ती अशी की, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी परिभाषेसमोर रिकाम्या हातांनी उभा असतो, आणि त्याच्या हातात जे काही द्यावयाचे ते बाहेरूनच आणून द्यावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘खाली’ या अर्थाच्या उपसर्गांचेच उदाहरण घेतले, तर या कुलुपांच्या बहुतेक किल्ल्या त्या मुलाच्या खिशात आधीपासूनच असतात. त्या तेथे आहेत हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

प्रथम तक्त्याने काय बिघडते ते पाहू. अकरावीच्या वनस्पतिशास्त्रात फुलांचे तीन प्रकार शिकवले जातात. मोहरी, जास्वंद, वांगे यांची फुले ‘हायपोगायनस’, तर पेरू आणि काकडी यांची ‘एपिगायनस’. गुलाबाचे फूल या दोहोंच्या मधले. ‘हायपो’ म्हणजे खाली हे पाठ केलेला विद्यार्थी सरळ हिशेब करतो की, वांग्याच्या फुलात अंडाशय खाली असले पाहिजे. पुस्तक म्हणते, अंडाशय वर आहे. मुलगा गोंधळतो, आणि अपवाद समजून तेही पाठ करतो. वास्तविक येथे अपवाद कोणताच नाही. त्या शब्दाचा अर्थ ‘स्त्रीकेसराच्या खाली असलेली’ असा आहे, आणि खाली आहेत त्या पाकळ्या, निदलपुंज आणि पुंकेसर. अंडाशय त्यांच्या वरच राहणार. उपसर्गाचा अर्थ ठाऊक होता, परंतु कोण कोणाच्या खाली हा प्रश्न तक्त्याने विचारलाच नव्हता. मराठी परिभाषेत या फुलांना ‘अवकिंज’ आणि ‘अपिकिंज’ म्हणतात. हे शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर फूल उभे राहते असे नाही. पण ‘किंज’ म्हणजे स्त्रीकेसर आणि ‘अव’ म्हणजे खाली एवढे एकदा सांगितले, तर प्रश्न कशाविषयी आहे ते तरी कळते.

असेच दुसरे उदाहरण पदार्थविज्ञानातील आहे. ‘इन्फ्रारेड’ म्हणजे तांबड्याच्या खालचे. हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली या अदृश्य किरणांचा शोध लावला. विद्यार्थ्याच्या पुस्तकात मात्र या किरणांची तरंगलांबी तांबड्यापेक्षा अधिक दिलेली असते. अधिक असून खाली कसे? उत्तर असे की, खाली आहे ती कंप्रता. मराठीत आपण ‘अवरक्त’ म्हणतो, आणि ज्या ध्वनीची कंप्रता कानाच्या मर्यादेखाली असते त्याला ‘अवश्राव्य’ म्हणतो. दोन्ही शब्दांत तोच ‘अव’, आणि खाली आहे ती दोन्हीकडे कंप्रताच. हे एकदा समजले की दोन्ही शब्द पाठ करण्याची गरज उरत नाही.

भूमितीतल्या ‘हायपोटेन्यूज’चीही तीच कथा. ग्रीकांच्या मते ती रेषा काटकोनाच्या खालून ताणलेली आहे. आमच्या फळ्यावर ती तिरपी, वरच्या अंगाला काढली जाते, म्हणून ‘खाली’ कोठे ते दिसत नाही. आपल्या ‘कर्ण’ या शब्दाने या भानगडीत न पडता स्वतःचा वेगळा मार्ग धरला.

आता त्या खिशातल्या किल्ल्यांकडे वळू. १७८६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या असल्या पाहिजेत असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या दोन शतकांत भाषाशास्त्रज्ञांनी या नात्याचा जो तपशील लावला, त्यात हे उपसर्गही येतात. संस्कृतातला ‘उप’, ग्रीकातला ‘हायपो’ आणि लॅटिनमधला ‘सब’ हे एकाच मूळ शब्दाचे तीन वंशज आहेत. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या उकाराला हकार चिकटला, लॅटिनमध्ये त्याच्या आधी सकार येऊन बसला. बाकी सांगाडा तोच. याची खूण पटवून घ्यावयाची असेल, तर त्याच घराण्यातली दुसरी पिढी पाहावी: संस्कृत ‘उपरि’, ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’. आपला रोजचा ‘वर’ हा शब्दही ‘उपरि’चाच झिजलेला अवतार आहे. तिकडे ‘अधः’ आणि ‘अधर’ या संस्कृत शब्दांचे सख्खे भाऊ म्हणजे लॅटिन ‘इन्फ्रा’ आणि इंग्रजी ‘अंडर’. चार उपसर्ग सुटे सुटे पाठ करण्याऐवजी ‘उप’ आणि ‘अधर’ या दोन घराण्यांची ओळख करून दिली, तर मुलाचे ओझे निम्मे होते.

वैद्यकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना या नात्याचा आणखी एक उपयोग आहे. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ हे दोन उपसर्ग अर्थाने एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध, आणि उच्चाराने इतके जवळ, की घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी दुसरे अक्षर गिळले जाते. रक्तातील साखर वाढली की घटली, रक्तदाब चढला की उतरला, हा फरक रोग्याच्या जिवाशी निगडित असतो. ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’ आणि ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, हे ज्याच्या मनात एकदा रुजले त्याची येथे गफलत होणार नाही. रोगी बिचारा ‘बीपी लो झाला’ असे म्हणून आपली सुटका करून घेतो. आणि खरे पाहता त्याची भाषा अधिक सुरक्षित आहे.

नातेसंबंधाच्या या शोधात गमतीही पुष्कळ आहेत. ‘सब्जुगेट’ म्हणजे अंकित करणे. शब्दशः, जुवाखाली आणणे. रोमन लोक पराभूत सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जावयास लावीत. लॅटिनमधले ‘जुगम’, इंग्रजी ‘योक’ आणि बैलाच्या मानेवरचे आपले ‘जू’ हे तिन्ही एकच. बैलजोडी पाहिलेल्या मुलाला या इंग्रजी शब्दाचा अर्थ शिकवण्याची गरजच नाही, नुसती आठवण करून द्यावी लागेल. ‘सफर’ म्हणजे सोसणे. त्यात दडलेले लॅटिन क्रियापद आपल्या ‘भार’ शब्दातील ‘भृ’ धातूचे भावंड आहे, म्हणजे सोसणारा तो भाराखाली उभा असतो. आणि ‘सबसिडी’? बसणे या अर्थाच्या धातूला ‘सब’ लागून हा शब्द झाला. रोमन सैन्याच्या मागे राखीव बसलेली तुकडी तो मूळ अर्थ. त्याच ‘सद्’ धातूला ‘उप’ आणि ‘नि’ हे उपसर्ग लागून आपल्याकडे ‘उपनिषद्’ झाले. गुरूजवळ बसणे तेथे, आणि मदतीसाठी टेकून बसणे येथे. विनाअनुदान तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंना या नात्याने कितपत समाधान वाटेल, हा प्रश्न वेगळा.

मात्र येथेच एक सावधगिरीही बाळगावयास हवी. नाते एक असले तरी स्वभाव एक असतोच असे नाही. लॅटिन ‘सब’ खाली पाहतो. संस्कृत ‘उप’ जवळ पाहतो. ‘उपवास’ म्हणजे देवाजवळ राहणे, ‘उपनयन’ म्हणजे गुरूजवळ नेणे. कमीपणाचा अर्थ ‘उप’ला नंतर चिकटत गेला, आणि आमच्या शासकीय भाषेने तर तो त्याच्यावर पक्काच शिक्का म्हणून मारला. इंग्रजीतला ‘अंडर’ तरी कोठे नेहमी खाली असतो? ‘अंडरस्टँड’ या शब्दात खाली उभे राहण्याचा काय संबंध, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच. येथला ‘अंडर’ ‘मध्ये, जवळ’ या जुन्या अर्थाचा असावा असा अभ्यासकांचा कल आहे. आणि योगायोग असा की, आपणही ‘अवगत होणे’ म्हणतो. त्यात ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘गम्’ म्हणजे जाणे. समजण्यासाठी एका भाषेला जवळ उभे राहावे लागले, दुसरीला खोलात उतरावे लागले.

आतापर्यंतचे विवेचन संस्कृताच्या आधारे झाले. परंतु नांदेड-लातूरच्या मराठीची दौलत तेवढीच नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे कारभाराची भाषा उर्दू होती. त्या राजवटीत जिल्ह्याच्या प्रमुखाला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, आणि त्याच्या हाताखालच्याला ‘दुय्यम तालुकदार’. ‘दुय्यम’ हा फारसी शब्द, अर्थ दुसरा. खालचा नव्हे, जवळचा नव्हे, तर मोजणीत दुसरा. आजही जमिनीचे खरेदीखत करावयाचे झाल्यास आपण ज्याच्या कार्यालयात जातो तो ‘दुय्यम निबंधक’च असतो. ‘नायब तहसीलदार’ या नावातला ‘नायब’ अरबीतून आला. तो दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. आणि जुन्या पिढीतल्या ज्यांनी उर्दू शाळांतून धुळाक्षरे गिरवली, त्यांना ‘जेर’ आणि ‘जबर’ या स्वरचिन्हांची ओळख होती. अक्षराच्या खाली देतात ती ‘जेर’, वर देतात ती ‘जबर’. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. एखाद्याला जेरीस आणणे, जेरबंद करणे, हे आपण रोज म्हणतो, आणि त्यात ‘सब’चाच अर्थ आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही. ‘जबरदस्त’ म्हणजे ज्याचा हात वर तो.

यापेक्षाही अस्सल असा आपला स्वतःचा, संस्कृताचा वा फारसीचा हात न धरणारा एक उपसर्गवजा शब्द आहे, तो म्हणजे ‘पोट’. पोटजात, पोटकलम, पोटनियम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू, पोटकंत्राटदार. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ तर प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतो. इंग्रजीत ज्याला ‘सब’ लावावयाचे, त्याला मराठी माणसाने खाली ढकलले नाही, पोटात घेतले. कलमाच्या पोटात कलम, हिश्श्याच्या पोटात हिस्सा. देगलूर विधानसभेची २०२१ ची निवडणूक किंवा नांदेड लोकसभेची २०२४ ची निवडणूक ही ‘पोटनिवडणूक’ झाली, कारण ती चालू मुदतीच्या पोटात झाली. ‘पोटमाळा’ तर डोक्यावर असतो; तरीही तो घराच्या पोटातच. अंतर्भावाची ही कल्पना ‘सब’मध्ये नाही, ‘उप’मध्येही नाही.

मराठी भाषा परिभाषेच्या दृष्टीने तोकडी आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी कोणत्याही सरकारी कचेरीतील पाट्या एकदा लक्षपूर्वक वाचाव्यात. मंत्रालयात ‘अंडर सेक्रेटरी’ हा ‘अवर सचिव’, त्याच्या वरचा ‘डेप्युटी’ हा ‘उपसचिव’. नोंदणी कार्यालयात ‘सब’ हा ‘दुय्यम’, पोलीस ठाण्यात तोच ‘उप’निरीक्षक, कायद्याच्या पुस्तकात तोच ‘पोट’कलम. ज्याच्यावर खटला चालू आहे त्या ‘अंडरट्रायल’ला आपण ‘कच्चा कैदी’ म्हणतो, आणि या दोन शब्दांपुढे इंग्रजी शब्द फिका वाटावा. ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ला हिंदीने ‘अवसंरचना’ म्हटले. मराठीने ‘पायाभूत सुविधा’ म्हटले. खाली काय असते? पाया. ज्याने कोणी हा शब्द रूढ केला त्याला भाषा कळत होती. भूदान-तारणाच्या व्यवहारातही हेच दिसते. या भागातल्या ट्रॅक्टरांवर आणि मालमोटारींवर वर्षानुवर्षे ‘हायपोथिकेटेड टू’ असे लिहून पुढे बँकेचे नाव रंगवलेले असे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, तरी जुन्या वाहनांवरून तिचे नाव लगेच पुसले गेले नाही. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाली ठेवलेले’. मराठीत त्याला ‘नजरगहाण’ म्हणतात: वस्तू कर्जदाराच्या दारात, बँकेची फक्त तिच्यावर नजर. असा शब्द तक्त्यावरून तयार होत नाही.

शासनाने १९६२ साली ‘पदनाम कोश’ काढला आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम केला, तेव्हा कारभाराच्या मराठीला आकार आला, हे खरेच. त्या कोशाची पुष्कळ थट्टा झाली. तीतली काही योग्यही होती. परंतु त्यानंतर एक आळस शिरला. जेथे ‘सब’ दिसेल तेथे ‘उप’ चिकटवावयाचे, मग ‘डेप्युटी’लाही तोच ‘उप’ आणि ‘व्हाइस’लाही तोच. परिणाम असा की, एखाद्या गावात जाऊन ‘उपकेंद्र कोठे आहे’ असे विचारले, तर उलट प्रश्न येतो: ‘दवाखान्याचे की लाइटीचे?’ साधारण पाच हजार वस्तीसाठी असणारे आरोग्याचे ते उपकेंद्र, विजेचा दाब उतरवणारे तेही उपकेंद्र, आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूरला आहे तेही उपकेंद्रच. १९९४ साली हे विद्यापीठ स्थापन झाले, आणि केंद्र कोणते व उपकेंद्र कोणते यावर दोन्ही शहरांत जी भावना असते तिचा पडताळा अन्यत्रही येतो. २००९ साली नव्या महसूल आयुक्तालयाचा प्रश्न निघाला, तेव्हा नांदेड आणि लातूर समोरासमोर उभी राहिली होती. ‘उप’ होणे कोणालाच नको असते. याचे एक कारण असेही असेल की, आपण ‘उप’मधला जवळपणा काढून टाकून त्यात नुसता कमीपणा उरवला आहे.

कमीपणाचा उल्लेख निघालाच आहे, तर आणखी एका ‘अंडर’विषयी लिहिणे भाग आहे. ‘अंडरडेव्हलप्ड’ हा शब्द जगाच्या राजकारणात रूढ झाला तो अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या जानेवारी १९४९ च्या भाषणापासून. एका वाक्यात निम्म्याहून अधिक मानवजात कोणाच्या तरी खाली गेली. मराठवाड्याच्या वाट्याला हाच शब्द ‘मागास’ म्हणून आला. म्हणजे खाली नव्हे, मागे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी नेला, आणि त्यातला ‘अनु’ म्हणजे मागाहून उरलेले. या शब्दात एक न्यायाची मागणी आहे: जे देणे होते ते राहिले आहे. ‘मागास’ म्हटले की दोष प्रदेशाचा. ‘अनुशेष’ म्हटले की हिशेब देणाऱ्याचा. उपसर्ग बदलल्याने बाजू बदलते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या तासालाही शिकावयास हवे.

या प्रदेशात विज्ञान भारतीय भाषेतून शिकवण्याचा प्रयोग यापूर्वी झालेला नाही असेही नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेव्हा तेथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवण्याची तयारी केली गेली, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. मराठवाड्यातल्या बहुसंख्यांची ती मातृभाषा नव्हती, आणि म्हणून तिच्याविषयी त्यांच्या मनात दुरावा असणे स्वाभाविक होते. पण भारतीय भाषेत शास्त्र मावत नाही, हा आक्षेप त्या प्रयोगाने तेव्हाच निकालात काढला होता. आपल्याकडे मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला; विज्ञानाच्या शाखाशाखांचे परिभाषा कोश निघाले; ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही जाहीर झाला. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. अर्थ लावण्यात मतभेद झाला तर इंग्रजी प्रश्न प्रमाण, अशी अट मात्र आहे. एवढे सारे असूनही अकरावीच्या वर्गात विश्वकोशाचा एक खंडही उघडला जात नाही. मग अभिजात दर्जाचे पेढे वाटून उपयोग काय?

अशा अज्ञानाची किंमत काय पडते, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी ‘केंद्रबिंदू’ हा शब्द होता. शास्त्रात येथे दोन बिंदू मानतात. खडक जेथे प्रत्यक्ष फुटतो तो जमिनीच्या पोटातला बिंदू म्हणजे ‘हायपोसेंटर’, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, पृष्ठभागावर असतो तो ‘एपिसेंटर’. मराठीत ‘भूकंपनाभी’ आणि ‘अपिकेंद्र’ असे दोन सुरेख शब्द आहेत. किल्लारीची नाभी फारशी खोल नव्हती, ती सुमारे दहा-बारा किलोमीटरांवर होती. आणि हा उथळपणा, त्याच्या जोडीला घरांची बांधणी, हे त्या संहाराचे मोठे कारण. २०२४ साली हिंगोली-नांदेड परिसरात धक्के बसले, तेव्हाही बातम्यांतून ‘केंद्र जमिनीखाली दहा किलोमीटर’ असे सांगितले गेले. ऐकणारा विचारतो, मग आमचे गाव केंद्रावर आहे की नाही? गाव असते ते अपिकेंद्राजवळ. दहा किलोमीटर खाली असते ती नाभी. नाभी किती खोल आहे, हा प्रश्न ज्याला विचारता येतो, तो अफवांना बळी पडत नाही. आणि ‘सबडक्शन’, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकणे, हा शब्द ज्याला नीट कळला आहे, त्याला किल्लारीचे वैशिष्ट्यही कळेल: ते गाव कोणत्याही पट्टाच्या सीमेवर नाही, मध्यावर आहे. म्हणूनच तो धक्का शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होता.

तेव्हा करावयाचे काय? शिकवणीवर्गांनी तक्ते फाडून टाकावेत असे कोणी म्हणणार नाही. तक्त्यात दोन रकाने वाढवावेत, एवढेच सुचवावयाचे आहे. एकात त्या उपसर्गाचे मराठी भावंड, आणि दुसऱ्यात ‘कोण कोणाच्या खाली’ हा प्रश्न. इंग्रजीचे, मराठीचे आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक एकाच महाविद्यालयात, बहुधा एकाच चहाच्या टेबलाशी बसतात. त्यांनी जूनमधले चार तास मिळून घेतले तर वेळापत्रक कोसळत नाही. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे येतात. त्या कक्षेतल्या शिक्षकांनी शे-दीडशे शब्दांची दुभाषी पुस्तिका तयार केली, तर तिला ना इमारत लागेल, ना अनुदान.

आणि पहिला धडा कुंडीतच घेता येईल. अकरावीचे वर्ग भरतात ते पेरणीच्याच दिवसांत. वनस्पतिशास्त्रात उगवणीचे दोन प्रकार शिकवावे लागतात: एकात दले जमिनीखालीच राहतात, तो ‘हायपोजिअल’, दुसऱ्यात ती माती फोडून वर येतात, तो ‘एपिजिअल’. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या आठवड्यात तूर आणि सोयाबीन पेरलेले असते. पावसानंतर मातीला पापडी धरली तर सोयाबीन का मार खाते आणि कोंबाच्या माथ्यावरची दले पाखरे का टिपतात, हे त्यांना गुरुजींपेक्षा अधिक ठाऊक असते. दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत तूर आणि दुसरीत सोयाबीन पेरावे, आणि आठवड्याभराने मुलांना विचारावे की, यांतला ‘हायपो’ कोणता, आणि खाली काय राहिले आहे?